सॅन हुआन पर्वतातील सोन्याच्या खाणींचा रस्ता : मोटारीने प्रवासाचे नियोजन कसे करावे

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात सॅन हुआन पर्वत आहेत. डुरँगो गावातून निघून या पर्वतांना वळसा घालून पुन्हा डुरँगोलाच येणारा सुमारे ३८० किलोमीटरचा मार्ग 'सॅन हुआन स्कायवे' या नावाने ओळखला जातो. त्यातील सिल्व्हर्टन ते यूरे हा सुमारे ४० किलोमीटरचा टप्पा, म्हणजे 'मिलियन डॉलर हायवे', छायाचित्रांमुळे जगभर प्रसिद्ध झाला आहे. मात्र कड्यावरची चार छायाचित्रे घेऊन परतणाऱ्याला हा रस्ता इतक्या अवघड जागी मुळात काढला कशासाठी, हे कळत नाही. डोंगरातून निघालेला सोन्याचांदीचा दगड खाली आणण्यासाठी आणि वर खाणींकडे धान्य, कोळसा, सुरुंगाची दारू व माणसे नेण्यासाठी तो काढला गेला. म्हणून या प्रवासाची आखणी खाणींच्या हिशेबाने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. निसर्गसौंदर्य वाटेत आपोआप पदरात पडते.

खाणींचा इतिहास थोडक्यात असा. सुमारे २ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी येथे प्रचंड ज्वालामुखींचे उद्रेक झाले आणि त्यांची मुखे आत कोसळून मोठे खड्डे तयार झाले. त्या खड्ड्यांभोवतीच्या भेगांतून पुढे खनिजयुक्त गरम पाणी वर येत राहिले आणि भेगांमध्ये गारगोटीच्या शिरा भरल्या गेल्या; सोने, चांदी, शिसे, जस्त आणि तांबे या शिरांमध्ये आहे. सिल्व्हर्टनजवळ ॲनिमस नदी आणि मिनरल क्रीक यांचे प्रवाह आजही अशाच एका खड्ड्याच्या कडेने वळलेले दिसतात. चार्ल्स बेकर याची टोळी सोन्याच्या शोधात १८६० मध्ये येथे आली, पण हा प्रदेश यूट या मूळनिवासी लोकांचा होता. १८७३ च्या ब्रुनो कराराने खाणींचा भाग त्यांच्याकडून काढून घेण्यात आला आणि १८८१ मध्ये यूटांच्या अनकंपाग्रे गटाला येथून युटा राज्यात हलवण्यात आले. ज्या यूट पुढाऱ्याने हे करार केले, त्याचेच नाव पुढे यूरे गावाला मिळाले.

दुसरी महत्त्वाची तारीख १८९३ ही आहे. त्या वर्षी अमेरिकी सरकारने चांदीची खरेदी थांबवली आणि चांदीचा भाव कोसळला. ज्या वस्त्या केवळ चांदीवर जगत होत्या त्या ओस पडू लागल्या आणि ज्यांच्या डोंगरात सोने होते त्या टिकल्या. वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक पडक्या इमारतीपाशी 'ही खाण चांदीची की सोन्याची?' एवढा एक प्रश्न विचारला, तरी या प्रदेशाचा अर्धा नकाशा उलगडतो.

कोणत्या दिवसांत जावे

जून ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हा मोटारीने फिरण्याचा काळ आहे. जूनमध्ये उंचावरच्या कच्च्या वाटांवर बर्फ असतो, म्हणून खाणींच्या वस्त्यांपर्यंत जायचे असेल तर जुलै गाठावा. जुलै-ऑगस्टमध्ये रानफुले भरभरून असतात, पण याच काळात येथे पावसाळी वारे येतात आणि दुपारी विजांसह वादळे होतात. सकाळी निरभ्र असलेले आकाश दुपारी एक वाजेपर्यंत काळे होते, त्यामुळे खिंडीवरची व उघड्या माळावरची पायपीट सकाळीच उरकावी. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आणि ऑक्टोबरचे पहिले काही दिवस सर्वांत सुंदर, कारण तेव्हा अस्पेनची झाडे पिवळीधमक होतात आणि वादळेही ओसरलेली असतात. अर्थात याच दिवसांत मुक्कामाच्या जागा सर्वांत महाग असतात व लवकर संपतात, म्हणून तीन-चार महिने आधी आरक्षण करावे.

हिवाळ्यात हा महामार्ग बंद ठेवत नाहीत. बर्फ हटवून तो चालू राखतात. मात्र हिमकडे कोसळण्याचा धोका असला की दोन्ही टोकांचे फाटक लावून वाहतूक थांबवतात. यूरेच्या दक्षिणेला रिव्हरसाइड नावाच्या हिमप्रपाताच्या वाटेत १९६३ मध्ये एक धर्मोपदेशक व त्यांच्या दोन मुली, आणि पुढे १९७०, १९७८ व १९९२ मध्ये बर्फ हटवणारे तीन चालक मृत्युमुखी पडले. त्या जागी १९८५ मध्ये रस्त्यावर काँक्रीटचे छत बांधण्यात आले आणि मृतांचे स्मारक रस्त्याच्या कडेला आहे. बर्फात गाडी चालवण्याचा सराव नसणाऱ्याने हिवाळ्यात या वाटेला जाऊ नये.

कोणत्या दिशेने आणि किती दिवस

या प्रश्नावर फार चर्चा होते, पण उत्तर सोपे आहे. अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात. सिल्व्हर्टनकडून यूरेकडे, म्हणजे उत्तरेला जाताना आपण डोंगराच्या बाजूच्या मार्गिकेत असतो. यूरेकडून सिल्व्हर्टनकडे जाताना मात्र आपली मार्गिका दरीच्या काठाची असते आणि त्या काठाला बहुतेक ठिकाणी कठडा नाही. बर्फ हटवणाऱ्या गाड्यांना तो दरीत ढकलता यावा, हे कठडे नसण्याचे एक कारण सांगितले जाते. प्रथमच जाणाऱ्याने म्हणून डुरँगो, सिल्व्हर्टन, यूरे, रिजवे, टेल्युराइड, डोलोरेस, कॉर्टेझ आणि पुन्हा डुरँगो असाच क्रम ठेवावा. नकाशावर हा मार्ग घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेचा आहे. ज्यांना दरी डोळे भरून पाहायची आहे, त्यांनी यूरेला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी रिकाम्या सकाळी उलट दिशेने खिंडीपर्यंत जाऊन यावे.

३८० किलोमीटर एका दिवसात होतात आणि तसे करणारेही असतात; पण मग ते फक्त गाडी चालवतात. पाच रात्री असाव्यात: डुरँगो, सिल्व्हर्टन, यूरे, टेल्युराइड आणि कॉर्टेझ किंवा मँकोस. त्यामागे उंचीचे कारण आहे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. डुरँगो गावच १,९८५ मीटरवर आहे. सिल्व्हर्टन २,८४० मीटर, यूरे २,३७५ मीटर, टेल्युराइड २,६६७ मीटर आणि रेड माउंटन खिंड ३,३५८ मीटर. समुद्रसपाटीवरून आलेल्या माणसाला २,४०० मीटरच्या वर डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे हे त्रास होऊ शकतात. पहिली रात्र डुरँगोत काढून, भरपूर पाणी पिऊन आणि मद्य टाळून मगच वर जावे. सिल्व्हर्टन हा या प्रवासातील सर्वांत उंच मुक्काम असल्याने ज्यांना हृदयाचा किंवा श्वसनाचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि शक्य तर सिल्व्हर्टन दिवसा पाहून यूरेला झोपावे. त्रास वाढू लागला तर खाली उतरणे हाच खरा उपाय आहे.

विमानाने डुरँगोच्या छोट्या विमानतळावर थेट उतरता येते. डेन्व्हरहून डुरँगो सुमारे ५४० किलोमीटर, म्हणजे सहा ते सात तासांचा रस्ता आहे. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्कीहून सुमारे साडेतीन ते चार तास लागतात. डेन्व्हरला उतरून त्याच दिवशी डुरँगो गाठण्याचा हट्ट, विशेषतः भारतातून थेट येणाऱ्यांनी, करू नये.

गाडी, परवाना आणि घाटातल्या सवयी

संपूर्ण मुख्य मार्ग डांबरी आहे आणि साध्या मोटारीने होतो. कच्च्या रस्त्याने जुन्या वस्त्यांकडे जायचे असेल तरच उंच तळाची गाडी घ्यावी. भाड्याच्या गाडीचा करार नीट वाचावा, कारण बहुतेक कंपन्या कच्च्या डोंगरी वाटांवर गाडी नेण्यास मनाई करतात आणि तेथे झालेल्या नुकसानीला विमा लागू होत नाही. अशा वाटांसाठी सिल्व्हर्टन व यूरे येथे दिवसाच्या भाड्याने जीप मिळतात, चालकासह सहलीही मिळतात. भारतातून जाणाऱ्यांनी मूळ परवान्यासोबत आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्यावा.

आपल्याकडच्या चालकांची एक सवय येथे घातक ठरते. आपण गाडीत उजवीकडे बसतो आणि गाडीचा उरलेला भाग डावीकडे असतो. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, तरी डोळ्यांना जुनाच अंदाज राहतो आणि गाडी नकळत उजवीकडे सरकत जाते. मैदानी रस्त्यावर चाक पांढऱ्या पट्टीवर गेले की फार तर खरखर ऐकू येते. येथे पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे काही ठिकाणी वीतभरही जागा नाही. म्हणून डुरँगोच्या उत्तरेला दरी रुंद असलेल्या पहिल्या २५-३० किलोमीटरमध्ये, डावे चाक मधल्या पिवळ्या रेषेपासून किती अंतरावर आहे याचा अंदाज जाणीवपूर्वक बसवावा.

उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवू नये. रेड माउंटन खिंडीतून यूरेपर्यंत सुमारे २१ किलोमीटरमध्ये जवळपास हजार मीटर उतरायचे असते. स्वयंचलित गिअरची गाडी असली तरी खालचा गिअर निवडण्याची सोय तिच्यात असते. ती कोठे आहे हे गाडी ताब्यात घेतानाच पाहून घ्यावे. ब्रेकचा जळका वास आला तर पुढच्या थांब्यावर गाडी उभी करून चाके निवू द्यावीत. वळणांवर ताशी १५ ते २५ मैलांचे फलक आहेत आणि ते गंभीरपणे घ्यावेत. मागे गाड्यांची रांग लागली तर कडेच्या मोकळ्या जागेत थांबून त्यांना पुढे जाऊ द्यावे. मागच्याच्या घाईने आपला वेग वाढवू नये. कच्च्या एकेरी वाटेवर चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, हा आपल्या घाटातला नियम तेथेही पाळतात.

फलकांवर अंतर मैलांत आणि उंची फुटांत असते. मोबाइलची रेंज गावे सोडल्यास भरवशाची नाही, म्हणून नकाशे आधी उतरवून घ्यावेत. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये. राज्याच्या वाहतूक खात्याच्या 'सीओट्रिप' या सेवेवर रस्ता चालू आहे की नाही, हे रोज सकाळी पाहावे.

शाकाहारी मंडळींसाठी सूचना: सिल्व्हर्टनसारख्या लहान गावात पर्याय मोजके असतात आणि मोसम संपताच अनेक खाणावळी बंद होतात. किराणा डुरँगोतच भरून घ्यावा. सिल्व्हर्टनच्या उंचीवर पाणी सुमारे ९० अंश सेल्सियसलाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही आणि भाताचा दाणा मध्ये कच्चा राहतो. छोटा कुकर सोबत असेल तर खिचडीची चिंता मिटते. घरून नेलेल्या चिवड्याच्या हवाबंद पिशव्या खिंडीपर्यंत पोहोचताना फुग्यासारख्या टम्म फुगतात. त्या मुलांच्या हातात देऊ नयेत, गाडीभर चिवडा होतो.

डुरँगो ते सिल्व्हर्टन

डुरँगो हे १८८० मध्ये डेन्व्हर अँड रिओ ग्रांड रेल्वेने वसवलेले गाव आहे. जवळच दगडी कोळसा होता आणि उंचीही कमी, म्हणून वरच्या खाणींतील धातूचा दगड येथे आणून वितळवला जाई. त्यासाठी घातलेला अरुंद रूळमार्ग जुलै १८८२ मध्ये सिल्व्हर्टनला पोहोचला. तीन फुटी रुंदीची ही ७२ किलोमीटरची रेल्वे उन्हाळ्यात पर्यटकांसाठी आजही धावते आणि एका दिशेला सुमारे साडेतीन तास घेते.

डुरँगोजवळचा सुरुवातीचा भाग सोडला तर रेल्वे ॲनिमस नदीच्या घळीतून जाते आणि महामार्ग डोंगरावरून, त्यामुळे एकातून दुसरे दिसत नाही. दोन्ही हवे असतील तर चौघांच्या गटात सोपी युक्ती करता येते: एकाने गाडी चालवत सिल्व्हर्टनला जावे, तिघांनी एकेरी तिकीट काढून रेल्वेने यावे आणि भूमिका परतीच्या एखाद्या प्रवासात बदलाव्यात. तिकिटे आधी काढून ठेवावी लागतात.

रस्त्याने सुमारे ८० किलोमीटर आहेत. वाटेत कोल बँक आणि मोलस या दोन खिंडी लागतात, दोन्ही ३,२०० मीटरच्या वर. मोलस खिंडीपाशी थांबण्याची प्रशस्त जागा आहे आणि तेथून दिसणारी शिखरांची रांग, माझ्या दृष्टीने, पुढच्या प्रसिद्ध टप्प्यापेक्षा अधिक देखणी आहे.

सिल्व्हर्टनमध्ये रेल्वेचे प्रवासी दुपारच्या सुमारास उतरतात आणि दोन-तीन तास मुख्य रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. तेवढा वेळ गावाबाहेरच्या खाणींना द्यावा आणि गाव संध्याकाळी पाहावे, जेव्हा रेल्वे परतलेली असते. गावाच्या ईशान्येला काही किलोमीटरवर मेफ्लॉवर मिल आहे. १९२९ मध्ये बांधलेली ही गिरणी १९९१ पर्यंत चालली आणि तिची यंत्रे जशीच्या तशी आहेत. डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारखी बांधलेली ही इमारत मुद्दाम तशी आहे: दगड वरून आत यायचा आणि दळला जात, चाळला जात, स्वतःच्या वजनाने खाली सरकत जायचा. पोलादी गोळे भरलेल्या फिरत्या पिंपांत त्याची भुकटी होई. ती पाण्यात कालवून, रसायने घालून फेस काढला की धातूचे कण फेसाला चिकटून वर येत आणि निरुपयोगी गाळ खाली राही. बाहेर अजूनही तारेचा दोर, त्याचे मनोरे आणि त्यावर लटकणारे लोखंडी डोल दिसतात. खाणीतून दगड त्याच डोलांतून येत असे. उन्हाळ्यात येथे माहितीसह फेरी असते. संपूर्ण प्रवासात एकच ठिकाण पाहायचे असेल तर हे पाहावे.

जवळच ओल्ड हंड्रेड ही खाण आहे. तेथे खाणगाडीत बसवून डोंगराच्या पोटात नेतात आणि दगडाला छिद्रे पाडणारी हवेची यंत्रे चालवून दाखवतात. आत वर्षभर सुमारे ९ अंश सेल्सियस तापमान असते, म्हणून ऑगस्टमध्येही स्वेटर हवा. लहान मुलांनी यंत्राच्या आवाजाला घाबरू नये म्हणून आधी सांगून ठेवलेले बरे. बाहेर पराती घेऊन वाळू धुण्याची सोय आहे. सोने शोधण्याची हौस येथेच भागवावी, कारण डोंगरातल्या ओढ्यांवर बहुधा कोणाचा तरी खाणहक्क नोंदलेला असतो आणि परवानगीशिवाय तेथे वाळू धुणे बेकायदा ठरू शकते.

आणखी वर, सिल्व्हर्टनपासून सुमारे २० किलोमीटरवर, ३,४०० मीटर उंचीवरची ॲनिमस फोर्क्स ही ओसाड वस्ती आहे. लाकडी घरे उभी आहेत आणि आत जाता येते. रस्ता कच्चा असला तरी जुलैपासून कोरड्या दिवसांत उंच तळाच्या गाडीने होतो. त्यापुढच्या सिनामन व इंजिनिअर खिंडींसाठी मात्र चारही चाकांना जोर देणारी गाडी आणि सरावाचा चालक हवा.

या भागातील पाण्याविषयीही जाणून घ्यावे. सनीसाइड खाणीच्या वर लेक एमा हे तळे होते. ४ जून १९७८ रोजी त्याचा तळ फुटून सारे पाणी खाणीत शिरले. रविवार असल्याने आत कोणी नव्हते. ५ ऑगस्ट २०१५ रोजी गोल्ड किंग या बंद खाणीच्या तोंडाशी पर्यावरण खात्याचे काम चालू असताना साठलेले आम्लयुक्त पाणी फुटले आणि सुमारे १ कोटी १० लाख लिटर पाणी सिमेंट क्रीकमधून ॲनिमस नदीत गेले. नदी अनेक किलोमीटरपर्यंत नारिंगी झाली. पुढच्याच वर्षी हा परिसर सरकारी शुद्धीकरण योजनेत घेतला गेला. येथील ओढ्यांचे पाणी कितीही नितळ दिसले तरी पिऊ नये.

सिल्व्हर्टन ते यूरे

अंतर ४० किलोमीटर असले तरी या टप्प्याला अर्धा दिवस द्यावा. उजवीकडे, म्हणजे पूर्वेला, तांबडे-केशरी डोंगर लागतात. लोहाच्या गंजाने त्यांना हा रंग आला आहे. त्यांचे उतार पश्चिमेला असल्याने दुपारनंतरच्या उन्हात ते खरे रंगतात. वादळांच्या दिवसांत सकाळ सुरक्षित आणि दुपार सुंदर असा पेच पडतो. मी असल्या वेळी सुरक्षिततेलाच कौल देईन. सप्टेंबरअखेरीस गेल्यास हा पेच पडत नाही.

खिंड ओलांडल्यावर आयडराडो खाणीजवळ माहितीफलकांसह थांबा आहे. समोरच्या उतारावर यँकी गर्ल खाणीचा लाकडी मनोरा उभा दिसतो. खोल विहिरीसारख्या खाणीतून पाळणा वर ओढण्यासाठी तो बांधला होता. १८८२ मध्ये सापडलेली ही खाण विलक्षण श्रीमंत होती, परंतु ती मुख्यतः चांदीची. शिवाय आतले पाणी इतके आम्लधर्मी होते की पंप आणि नळ त्यात खाऊन जात. खोल जावे तसा दगडही निकृष्ट होत गेला आणि १८९३ नंतर हा सारा रेड माउंटन परिसर रिकामा होत गेला. मनोऱ्याजवळ जाण्याचा मोह झाला तरी कुंपणाच्या आत जाऊ नये. जुन्या बोगद्यांत विषारी हवा असते, लाकडी टेकू कुजलेले असतात आणि जमिनीतल्या उभ्या विहिरींवर कधी केवळ सडक्या फळ्या असतात. जुने खिळे, बाटल्या, लोखंडाचे तुकडेही उचलू नयेत.

यानंतर अनकंपाग्रे घळ सुरू होते. ओटो मिअर्स हा रशियन साम्राज्यातून लहानपणी आलेला माणूस. त्याने १८८० च्या दशकात येथे कडा फोडून टोलचा रस्ता काढला. बेअर क्रीक धबधब्यापाशी त्याचे टोलनाके होते, आणि वळसा घालून जाण्याची सोयच नसल्याने खाणवाल्यांना मुकाट्याने पैसे द्यावे लागत. आजचा महामार्ग १९२४ मध्ये पूर्ण झाला आणि तो त्या धबधब्याच्या माथ्यावरून पुलाने जातो. पुलाजवळ गाडी लावायला जागा आहे. चालकाने दरी पाहायची ती गाडी थांबवूनच. चालत्या गाडीत त्याने फक्त रस्ता पाहावा.

यूरे गाव तिन्ही बाजूंनी कड्यांनी वेढलेले आहे. गरम पाण्याच्या सार्वजनिक कुंडात संध्याकाळ घालवल्यास दिवसभराचा ताण उतरतो. गावाचे वस्तुसंग्रहालय १८८७ च्या खाणकामगारांच्या रुग्णालयात आहे आणि ते पाहण्यास दोन तास पुरत नाहीत.

गावाच्या वर कँप बर्ड ही सोन्याची खाण होती. चांदी पडल्यानंतर, १८९६ मध्ये, आयर्लंडहून आलेल्या थॉमस वॉल्श याने इतरांनी टाकाऊ ठरवलेला दगड तपासला आणि त्यात सोने निघाले. १९०२ मध्ये त्याने ती खाण सुमारे ५२ लाख डॉलरना विकली. त्याची मुलगी एव्हलिन हिने पुढे 'होप' नावाचा निळा हिरा विकत घेतला. हा हिरा कृष्णेकाठच्या कोल्लूर खाणीतून निघाल्याचे मानले जाते. म्हणजे महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या नदीच्या काठचा हिरा यूरेच्या सोन्याच्या पैशाने या घराण्यात आला. आज तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

यूरेहून टेल्युराइडला थेट जाणारी इमोजीन खिंड सुमारे ४,००० मीटर उंच आणि पूर्णपणे जीपची वाट आहे. रेड माउंटनहून टेल्युराइडकडे उतरणारी ब्लॅक बेअर वाट तर अनुभवी स्थानिक चालकांनाही जड जाते. नकाशावर अंतर कमी दिसते म्हणून या दोन्ही वाटांना भाड्याच्या गाडीने अजिबात लागू नये.

रिजवेमार्गे टेल्युराइड

यूरेहून रिजवे १७ किलोमीटर. तेथून डॅलस डिव्हाइड ही खिंड ओलांडून टेल्युराइडपर्यंत आणखी सुमारे ६३ किलोमीटर. अस्पेनच्या मोसमात डॅलस डिव्हाइडला सकाळी लवकर पोहोचावे.

टेल्युराइड आज श्रीमंतांचे स्कीचे गाव आहे आणि मुक्काम महाग पडतो. खर्च आवरायचा असेल तर रिजवेला राहून दिवसा टेल्युराइड पाहावे. गाव आणि वरचे माउंटन व्हिलेज यांना जोडणारा तारेवरचा पाळणा विनामूल्य आहे. वसंतात व शरदाच्या अखेरीस तो काही आठवडे बंद असतो. गाडी गावाच्या टोकाला लावून याच पाळण्याने फिरावे. खोऱ्याच्या टोकाला १११ मीटर उंचीचा ब्रायडल व्हेल धबधबा आणि त्याच्या माथ्यावर १९०७ चे वीजघर दिसते.

येथे सोने असल्याने १८९३ नंतरही गिरण्या चालू राहिल्या आणि कामगारांचे झगडेही येथेच पेटले. आठ तासांच्या दिवसासाठी १९०३-०४ मध्ये झालेल्या संपात लष्करी अंमल पुकारून संघटनेच्या लोकांना रेल्वेत घालून गावाबाहेर काढण्यात आले. गावातील सुबक रंगीत घरे पाहताना हा भाग सहसा कोणी सांगत नाही.

टेल्युराइडच्या दक्षिणेला, ओफिरजवळ एम्स येथे १८९१ मध्ये जगातील पहिल्या व्यापारी प्रत्यावर्ती (एसी) विद्युत केंद्रांपैकी एक सुरू झाले. तेथून सुमारे चार किलोमीटर दूर असलेल्या गोल्ड किंग खाणीला वीज जाई (सिल्व्हर्टनजवळची गोल्ड किंग ती निराळी). उंचावर इंधनाचे लाकूड संपले होते आणि कोळसा वर नेणे परवडत नव्हते, म्हणून हा प्रयोग झाला. अकराच वर्षांनी, १९०२ मध्ये, शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज सुमारे १४७ किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

परतीचा भाग

टेल्युराइडहून लिझर्ड हेड खिंड (३,११६ मीटर) ओलांडून, रिको गावावरून डोलोरेस नदीच्या सोबतीने डोलोरेसपर्यंत सुमारे १०५ किलोमीटर आहेत. खिंडीच्या अलीकडे ट्राउट लेक तळ्याजवळ जुन्या रिओ ग्रांड सदर्न रेल्वेचा लाकडी पूल आहे. ही रेल्वेही मिअर्सनेच १८९०-९१ मध्ये बांधली. पुढे प्रवासी घटल्यावर तिच्यावर मोटारीचे तोंड आणि डब्याचे धड असलेली 'गॅलपिंग गूस' नावाची वाहने धावत. त्यातले एक डोलोरेसला पाहता येते. रस्ता सोपा आहे, गर्दी कमी आहे आणि चालकाला विसावा मिळतो.

कॉर्टेझजवळचे मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यान खाणींशी संबंधित नाही, तरी कड्यांच्या कपारीत बांधलेली तेथील शेकडो वर्षांपूर्वीची घरे टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. क्लिफ पॅलेससारख्या घरांत केवळ वनरक्षकांसोबतच जाता येते आणि त्याची तिकिटे आधी काढावी लागतात. कॉर्टेझहून डुरँगो सुमारे तासाभराचे अंतर आहे.

शेवटी आरक्षणासंबंधी. दरड, हिमप्रपात किंवा अपघात यांमुळे सिल्व्हर्टन-यूरे टप्पा बंद झाला, तर ४० किलोमीटरऐवजी उरलेले सारे वर्तुळ, म्हणजे सुमारे ३४० किलोमीटर, फिरून जावे लागते, आणि जवळचा दुसरा डांबरी रस्ता नाही. म्हणून यूरे आणि सिल्व्हर्टनचे मुक्काम रद्द करता येतील अशाच अटींवर घ्यावेत, आणि परतीचे विमान शेवटच्या डोंगरी मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी न ठेवता मध्ये डुरँगोची एक रात्र मोकळी ठेवावी.